ओस मंदिरे की जादा मंदिरे?

स्कॉटलंडच्या खेड्यांतील एखादे प्रेस्बिटेरियन प्रार्थनामंदिर बंद पडून त्याचे राहते घर झाले, असे वृत्त आले की आमच्याकडील विद्वान ‘पाश्चात्त्यांची श्रद्धा आटली’ असा निकाल देऊन मोकळे होतात. हा निकाल आम्हांस मान्य नाही.

श्रद्धा आटली हे खोटे नव्हे. १९५० नंतरच्या दशकात चर्च ऑफ स्कॉटलंडचे सभासद बारा लाखांवर होते; आज ते तीन लाखही नाहीत. परंतु एवढ्याशा खेड्यात मुळात दोन-दोन, तीन-तीन मंदिरे उभी कशी राहिली, हे कोणीच का विचारीत नाही?

गावचा पाद्री जमीनदाराने नेमावा की मंडळीने, या वादावरून १८४३ साली साडेचारशेंवर पाद्री घर व वेतन सोडून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च स्थापिले. मुंबईचे जॉन विल्सन या पक्षास मिळाले. नागपुरास १८४५ साली आलेले स्टीफन हिस्लॉप याच पक्षाचे. नव्या पक्षाने थोड्याच वर्षांत शेकडो मंदिरे बांधली, बहुधा जुन्या मंदिरासमोरच. स्ट्रॉन्शियनच्या जमीनदाराने जागा नाकारली, तेव्हा १८४६ साली तेथील मंडळीने लोखंडी तरते मंदिर बनवून आणून खाडीत नांगरले. शंभर माणसे चढली की ते एक इंच बुडे, म्हणतात. या लोकांस अश्रद्ध कोण म्हणेल?

पण पुढे काय झाले? जमीनदारांचा तो हक्क १८७४ साली कायद्यानेच रद्द झाला. भांडणाचे मूळच गेले. तरी बहुतेक मंडळी एका छताखाली येण्यास १९२९ साल उजाडले. आम्ही सरकारी कचेरीतले कारकून. एका प्रकरणाच्या दोन फायली झाल्या की दुसरी बंद करण्याचे धैर्य कोणास होत नाही, हे आम्ही रोज पाहतो. १९२९ नंतर गावोगाव जी दुसरी मंदिरे मिटली, ती नास्तिकांनी मिटविली नाहीत, समेटाने मिटविली.

कोणती वास्तू ठेवावी व कोणती सोडावी, याचे आराखडे करण्याचा आदेश २०२१ साली चर्चच्या महासभेने दिला. आजची टाळी निराळी आहे, आणि तिचे दुःख खरे आहे. म्हणूनच दोहोंची गल्लत आम्हांस खपत नाही. बंद मंदिराचे चित्र छापणाऱ्याने ते कोणत्या पक्षाने, कोणत्या साली बांधले, एवढे तरी त्याखाली छापावे.