हुशारी कमी नाही, जागा कमी आहेत



विद्यापीठातले संशोधन आणि विज्ञान-धोरण हा या अंकाचा विषय ठरला, तेव्हा काहीजणींनी विचारले, ‘घरकामगार, शेतमजूर बायांचे प्रश्न उभे असताना प्राध्यापक बायांची चर्चा कशाला?’ प्रश्न रास्त आहे. म्हणून त्याचे उत्तर आधी देते.

१९८६ साली स्त्रीशक्ती संघटना, सहेली आणि इतरांनी नेट-एन या गर्भनिरोधक इंजेक्शनच्या चाचण्यांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. ज्या गरीब बायांवर हे इंजेक्शन वापरायचे, त्यांना त्याचे धोके नीट सांगितलेच जात नाहीत, असा त्यांचा आक्षेप होता. संशोधन कशावर करायचे, पैसा कुठे घालायचा, हे ठरवणाऱ्या समित्यांत बाया मोजक्या. चाचणीसाठी शरीर मात्र बाईचे. समितीत चार बाया बसल्या की सारे आपोआप सुधारेल, असा माझा भ्रम नाही. पण आपल्या जगण्यातले प्रश्न तिथे पोचायचे, तर ते मांडणाऱ्याही तिथे हव्यात. आणि त्या तिथवर पोचत का नाहीत, हा मग सगळ्याच बायांचा प्रश्न होतो.

१९३३ साली कमला भागवत (पुढे सोहोनी) मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या. संचालक सी. व्ही. रामन यांनी त्यांना केवळ बाई म्हणून नकार दिला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा वर्षभराच्या अटीवर प्रवेश मिळाला. १९३९ साली त्या केंब्रिजच्या पीएच.डी. झाल्या. आज असा उघड नकार कोणी देत नाही. दार उघडे असते. आत बसायला जागा नसते.

‘मुली लग्न झाले की संशोधन सोडतात’, हे वाक्य आपण किती वेळा ऐकले! २०१० साली भारतीय विज्ञान अकादमी आणि बंगळूरच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतर्फे पाचशेहून अधिक स्त्री-वैज्ञानिकांची पाहणी प्रसिद्ध झाली. पीएच.डी. होऊनही संशोधनाबाहेर राहिलेल्या अनेकींनी कारण सांगितले, ते मनाजोगती नोकरीच मिळाली नाही हे. म्हणजे ‘सोडले’ नव्हे, ‘मिळाले नाही’. दोष घरावर ढकलला की संस्थेला जाब विचारायला नको!

आपल्या महाराष्ट्रात पीएच.डी. झालेल्या कितीतरी मुली तासिका तत्त्वावर शिकवतात. जितके तास तितके मानधन. सुट्टीत पैसे नाहीत, बाळंतपणात तर नाहीतच. त्यात संशोधनाला वेळ कुठला? या रांगेत पुरुषही आहेत, हे खरे. पण रांग लांबते ती नेमकी मूल होण्याच्या वयात, आणि त्या वर्षांची किंमत बाईच मोजते. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने खंड पडलेल्या स्त्रियांसाठी २००२-०३ मध्ये शिष्यवृत्ती योजना सुरू केली, तिचा अनेकींना आधार झाला. पण शिष्यवृत्ती संपते. तिच्यापुढे कायम पद नसेल, तर बाई पुन्हा उंबरठ्यावरच.

मग आपण काय करायचे? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ आणि २०२२ च्या नियमांनी पीएच.डी. करणाऱ्या स्त्रीला २४० दिवसांपर्यंत प्रसूती व बालसंगोपन रजा आणि पदवी पुरी करायला दोन वर्षे जादा दिली आहेत. आपल्या गावच्या महाविद्यालयात जाऊन विचारा, हे मुलींना सांगितले जाते का? २०२० च्या विज्ञान धोरणाच्या मसुद्यात निर्णय घेणाऱ्या मंडळांवर किमान ३० टक्के स्त्रिया असाव्यात, असे सुचवले होते. आपल्या विद्यापीठाच्या निवड समित्यांत किती आहेत, ते माहितीच्या अधिकारात मागा. तासिकेवरच्या शिक्षिकांची नावनिशीवार यादी करा आणि त्यांच्या बाळंतपणाच्या रजेची मागणी प्राध्यापक संघटनांसमोर ठेवा.

कमलाबाईंनी पुढे मुंबईत ग्राहक चळवळीतही काम केले. अन्नातली भेसळ घरच्या घरी कशी ओळखावी, हे सामान्य बायांना समजावले. प्रयोगशाळा आणि स्वयंपाकघर यांच्यात भिंत नसते, ती घातली जाते. ती पाडायचे काम दोन्हीकडच्या बायांनी मिळून करायचे आहे. तुमच्या गटाने काय शोधले, ते जरूर कळवा. पुढच्या अंकात त्याला जागा राखून ठेवली आहे.

– संपादक