मंत्रात लिहिलंय तेवढंच

तोंड वासलेल्या माणसाचं फुफ्फुस हे 'उघडं भांडं' धरायचं की नाही? हा प्रश्न कुठल्याही मेडिकल कॉलेजातला नाही. पुण्यात शनिवारी रात्री एकत्र जमणाऱ्या, बऱ्यापैकी शिकलेल्या सहा लोकांनी यावर पाऊण तास घालवला आहे आणि त्या भांडणात मी एका बाजूला होतो. आजची पोस्ट त्याच बाजूबद्दल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डंजन्स अँड ड्रॅगन्स हा गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा १९७४ सालचा खेळ. पाच-सहा जण टेबलाभोवती बसतात, एक जण डंजन मास्टर म्हणजे डीएम होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि मग सगळे मिळून तोंडी गोष्ट रचतात. कोण जिंकलं, कोणाचा वार लागला ते फासे ठरवतात. बाकी सगळं पुस्तक. आणि पुस्तकात शेकडो मंत्र. प्रत्येक मंत्राला अंतर किती, टिकतो किती वेळ, कोणावर चालतो, हे लिहिलेलं. फंक्शनचं डॉक्युमेंटेशनच म्हणा ना.

तर त्यात पाणी निर्माण करायचा एक साधा मंत्र आहे. २०१४ च्या आवृत्तीत तो म्हणतो की एखाद्या उघड्या भांड्यात दहा गॅलन, म्हणजे साधारण ३८ लिटर पाणी तयार होतं. आमच्यातल्या एका हुशार माणसाने राक्षसाच्या फुफ्फुसात पाणी भरायचं ठरवलं. राक्षस ओरडत होता, तोंड उघडं, सबब भांडं उघडं. गंमत म्हणजे त्याआधीच्या साडेतीन नंबरच्या आवृत्तीत सरळ लिहिलेलं होतं की अशा मंत्रांनी सजीवाच्या आत काही निर्माण करता येत नाही. नंतर पुस्तक सुटसुटीत करताना ती ओळ उडाली. रिफॅक्टरिंग करताना 'ही कंडिशन कशाला हवी?' म्हणून कोणीतरी इफ काढून टाकतो, आणि मग प्रोडक्शनवर काय होतं ते आपल्याला ठाऊक आहेच :)

या खेळात दोन पंथ आहेत. एक म्हणतो, लिहिलंय ते प्रमाण. दुसरा म्हणतो, लिहिणाऱ्याच्या मनात काय होतं ते प्रमाण. मी आधी शब्द बघणाऱ्यातला. शब्दाने उत्तर मिळालं नाही तरच हेतूकडे जावं असं माझं मत आहे, आणि ते मी नुसतं वाद घालायचा म्हणून धरलेलं नाही.

'लिहिलंय ते प्रमाण' म्हटलं की काय काय होतं ते आधी मान्य करतो. १९७८ च्या पुस्तकात फायरबॉल नावाचा मंत्र होता (अजून आहे). वीस फूट त्रिज्येचा आगीचा गोळा. पण त्या आवृत्तीत लिहिलं होतं की बंदिस्त जागेत आग त्या जागेचा आकार घेते आणि एकूण साधारण ३३,००० घनफूट जागा व्यापते. आता दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच भुयार घ्या. भागाकार करा. ३३० फूट! समोर फेकलेली आग दोन्ही बाजूंना दीड-दीडशे फूट पसरणार आणि फेकणाऱ्याची दाढी जाळून परत जाणार. तेव्हाचे लोक म्हणे मंत्र म्हणायच्या आधी कागदावर गणित करत. मला हे भयंकर आवडतं. नियम कडक आहे, पण सगळ्यांना आधीपासून माहीत आहे. भाजलात तर तुमचं गणित चुकलं, डीएमचा मूड नाही.

दुसरं उदाहरण मात्र माझ्या पंथाला अडचणीचं. २०१४ च्या नियमात अदृश्य माणसाला दोन गोष्टी मिळत: एक, तो दिसत नाही, दोन, त्याच्या हल्ल्याला फायदा आणि त्याच्यावरच्या हल्ल्याला तोटा. दोन वेगळे मुद्दे, वेगळ्या बुलेटमध्ये. आता मी अदृश्य गोष्टी दिसण्याचा मंत्र म्हटला. मला तो ढळढळीत दिसतोय. तरी दुसरी बुलेट तशीच उभी! नियमांचे मुख्य लेखक जेरेमी क्रॉफर्ड यांना विचारलं तर त्यांनीही शब्दाचीच बाजू घेतली. लोक वैतागले. शेवटी २०२४ च्या आवृत्तीत लिहिलं गेलं की समोरच्याला तुम्ही दिसत असाल तर हा फायदा नाही. म्हणजे शब्द वाईट होता, तर शब्द बदलला. बग होता, पॅच आला. दहा वर्षं लागली हे खरं, पण आमच्या क्लायंटकडे याहून जुनी तिकिटं उघडी आहेत.

आणखी एक. याच क्रॉफर्ड साहेबांची ट्विट्स लोक वर्षानुवर्षं वेदवाक्य म्हणून फेकत असत. २०१९ मध्ये कंपनीनेच सांगितलं की ट्विट हा सल्ला समजा, अधिकृत निर्णय संकलनात छापू तेवढेच. लेखकाचा हेतू लेखकाकडूनही कुठे नोंदला गेलाय हे महत्त्वाचं ठरलं.

बरं, या सगळ्यात आपण काही नवीन करतोय असं समजायचं कारण नाही. मंत्र नेमका कोणावर चालवायचा याचा वाद आपल्याकडे दोन हजार वर्षांहून जुना आहे आणि त्याचं एक अख्खं शास्त्र आहे: पूर्वमीमांसा. जैमिनीची सूत्रं, त्यावर शबराचं भाष्य. धर्मशास्त्राचा इतिहास लिहिणारे भारतरत्न पां. वा. काणे यांनी आपल्या ग्रंथाच्या पाचव्या खंडात या अर्थ लावण्याच्या नियमांवर बरंच लिहिलंय. मी संस्कृतचा माणूस नाही, शाळेत शंभर मार्कांचं घेतलं होतं एवढंच. पण यातलं एक प्रकरण वाचून खुर्चीतून उठलो होतो.

मीमांसक म्हणतात, वाक्याचा अर्थ लावायला सहा पुरावे आहेत: श्रुती, लिंग, वाक्य, प्रकरण, स्थान, समाख्या. श्रुती म्हणजे थेट विधान. लिंग म्हणजे शब्दाच्या अंगच्या अर्थातून निघणारी सूचना. मग वाक्यातला संबंध, मग संदर्भ, मग जागा, आणि सगळ्यात शेवटी नुसतं नाव. दोघांत भांडण झालं तर आधीचा जिंकतो. अरे, ही तर सीएसएसची प्रायॉरिटी झाली!

त्यांचं ठरलेलं उदाहरणही मंत्राचंच आहे. एका ऋचेत इंद्राचं नाव आहे. वाचताच वाटेल की ही इंद्रासाठी. पण विधान सांगतं की या ऋचेने गार्हपत्य अग्नीची उपासना करा. मग टार्गेट कोण? इंद्र की अग्नी? उत्तर: अग्नी. कारण थेट विधान हे सूचनेपेक्षा बलवान.

हे आमच्या टेबलावर जसंच्या तसं चालतं. 'चिल टच' नावाचा मंत्र घ्या. २०१४ मध्ये तो थंड नव्हता आणि स्पर्शाचाही नव्हता! १२० फुटांवरून मारायचा आणि इजा मृत्युतत्त्वाची. नव्या खेळाडूला हे कधीच पटत नाही. 'नावातच टच आहे ना?' आहे, पण नाव हा सहावा पुरावा, सगळ्यात दुबळा. (२०२४ मध्ये तो खरंच स्पर्शाचा केला. थंड अजूनही नाही.) किंवा 'सजेशन' घ्या. समोरच्याला पटेल अशी, वाजवी वाटेल अशी सूचना करायची. वाजवी म्हणजे किती? जुन्या मजकुरातच उदाहरण आहे की सरदाराला सांगा, पहिला भिकारी दिसेल त्याला आपला घोडा देऊन टाक. म्हणजे पुस्तकाचं 'वाजवी' आपल्या 'वाजवी'पेक्षा बरंच सैल आहे. हे ठरवायला लेखकाच्या मनात शिरावं लागत नाही, चार ओळी खाली वाचावं लागतं. हा झाला प्रकरणाचा पुरावा.

आपल्या गोष्टींमधले देव तर याहून कडक वाचतात. जयद्रथाच्या बापाने वर मिळवून ठेवला होता: माझ्या मुलाचं डोकं जो जमिनीवर पाडेल त्याच्या डोक्याची शकलं होतील. कृष्णाने काय केलं? वर रद्द केला नाही. अर्जुनाला सांगितलं की बाणाने ते डोकं थेट बापाच्याच मांडीत नेऊन टाक. म्हातारा संध्या करून उठला, डोकं जमिनीवर पडलं, पाडणारा तोच. शब्दाचा काना-मात्राही बदलला नाही.

पण माझं आवडतं भांडण कुंती आणि माद्रीचं आहे. आदिपर्वात आहे. कुंतीकडे दुर्वासाने दिलेला मंत्र, कुठलाही देव बोलवा. पंडूच्या सांगण्यावरून ती तो माद्रीला एकदाच वापरायला देते. माद्री एकदाच वापरते आणि अश्विनीकुमारांना बोलावते. ते असतातच जोडीने. एका स्लॉटमध्ये दोन मुलं! पुढे पंडू पुन्हा रदबदली करायला येतो तेव्हा कुंती साफ नकार देते, तिला फसवल्यासारखं वाटलेलं असतं. दोघींचं म्हणणं बघा. कुंतीच्या मनात 'एकदा' म्हणजे एक मूल. माद्रीने ऐकलं 'एकदा' म्हणजे एक आवाहन. मी माद्रीच्या बाजूने आहे. अट घालणाऱ्याने अट घालायची होती.

आता हे सगळं 'खेळच तर आहे' म्हणून सोडून का देत नाही, ते सांगतो.

मी मूळचा आरमोरीचा. वैनगंगेच्या काठचं गाव, गडचिरोली जिल्हा. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, शंकरपट होतो, आणि रात्रभर झाडीपट्टीचं नाटक. वडशाहून कंपन्या येतात. तिथे पडद्यावरचा चमत्कार फसला तरी प्रेक्षक सांभाळून घेतात, कारण सगळ्यांना माहीत असतं की हे नाटक आहे. पण त्याच गावात लहानपणी एक दुसरा मंत्र ऐकलेला. पोराचा ताप उतरत नाही, म्हैस दूध देत नाही, बांधीतलं धान करपलं, की कोणीतरी हळूच म्हणणार, 'करनी केली असन कोनी तं.' या मंत्राचं पुस्तक उघडून बघा. अंतर? काहीही. किती वेळ टिकतो? कितीही. लक्षण काय? सगळीच. ताप उतरला तर काढली म्हणून उतरला, नाही उतरला तर जबर होती म्हणून. कोणी केली? जिच्यावर बोट जाईल तिने. असा मंत्र वाचायला बसा, प्रत्येक वाचनात आरोपी सापडतो.

ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात, वणी खुर्दला, करणीच्या संशयावरून दलित कुटुंबांतल्या सात जणांना बांधून मारलं. म्हातारी माणसं होती त्यात. मे २०२४ मध्ये एटापल्ली तालुक्यातल्या बारसेवाड्यात एक बाई आणि एक माणूस, दोघांना जाळून मारलं. संशय तोच. पुण्यात बसून हे वाचताना मला ती नावं गावाकडची म्हणून ओळखीची वाटतात.

म्हणून २०१३ चा कायदा मला एक वाचक म्हणून फार आवडतो. नाव लांबलचक, आपण जादूटोणाविरोधी कायदा म्हणतो. डॉ. नरेंद्र दाभोलकर त्यासाठी वर्षानुवर्षं झटले. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाला, त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा केला. आता याचा मसुदा लिहायला बसलेल्या माणसाची पंचाईत बघा. 'जादूटोणा' या शब्दाची व्याख्या काय करणार? सैल केली तर उद्या वारीलाही कोणी त्यात ओढेल. घट्ट केली तर भोंदू मंत्र बदलेल. त्यांनी व्याख्या केलीच नाही! कायदा म्हणतो, अनुसूचीत लिहिलेली कृत्यं म्हणजेच हे. आणि अनुसूचीत बारा नोंदी. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, साप-विंचू चावल्यावर औषधोपचार रोखणं, अमुक माणूस करणी करतो असं सांगून त्याचं जगणं मुश्कील करणं, वगैरे. शिवाय कशाला हा कायदा लागू नाही तेही वेगळ्या कलमात लिहिलं: पूजा, प्रदक्षिणा, यात्रा, कीर्तन. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं.

मंत्र चालतो की नाही या वादात कायदा पडतच नाही. कोणी काय केलं एवढंच विचारतो. बारा नोंदींत बसतं का? हो किंवा नाही. कोणी म्हणेल, मग तेराव्या प्रकारचा भोंदू सुटेल. सुटेल की. दुसरे कायदे आहेत, आणि यादी वाढवायला विधिमंडळ आहे. पण ठाण्यातल्या हवालदाराने 'लेखकाच्या मनात काय होतं' ते ठरवून लोकांना आत टाकणं मला नको आहे.

माझ्या या मतावर ग्रुपमधला एक मित्र चिडतो. म्हणतो, तू कोर्ट आणि टेबल एक करतोस. इथे मजा यायला हवी, पोरगं काहीतरी भन्नाट सुचवतंय तर होऊ दे ना. त्याच्याकडे पुरावाही आहे: २०२४ च्या डीएमच्या पुस्तकात स्पष्ट म्हटलंय की नियम मजेसाठी आहेत, भौतिकशास्त्र सांगायला नाहीत. मान्य. टेबलावरून कोणीही उठून घरी जाऊ शकतो, हा फरक मोठा आहे. पण मजा कोणाची? फुफ्फुसात पाणी भरणं एकदा मान्य केलं की पुढच्या शनिवारी राक्षसांचा पुजारी तेच आपल्यावर करणार. पहिल्या पातळीचा मंत्र, सगळ्यांकडे. मग तलवार घेऊन बसलेल्या खेळाडूने करायचं काय? तो बिचारा पाऊण तास मोबाईल बघत होता.

सध्या आमच्याकडे असं चालतं. पाच मिनिटं वाद, मग डीएमचा निर्णय, तो वहीत लिहायचा आणि दोन्ही बाजूंना सारखा लावायचा. दोन अर्थ तुल्यबळ असतील तर ज्याने मंत्राला हद्द राहते तो अर्थ घ्यायचा. फुफ्फुस हे भांडं नाही, अशी नोंद झाली आहे. सीए मित्राने त्याखाली पेन्सिलीने 'पोटाचं काय?' असं लिहून ठेवलंय, त्यावर या शनिवारी बसणार आहोत.