‘ढ’ म्हणण्याआधी डोळे-कान तपासा

दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा सुरू झाल्या, की दवाखान्यात एक ठरावीक पेशंट येऊ लागतो. वय सहा-सात वर्षे, इयत्ता पहिली. ताप नाही, खोकला नाही, जुलाब नाहीत. आई सांगते, “डॉक्टर, याचं अभ्यासात लक्षच नाही. बाई म्हणतात, फळ्यावरचं उतरवून घेत नाही, हाक मारली तर बघत नाही. एखादं बुद्धीचं टॉनिक लिहून द्या.” वडील बाजूला उभे असतात. ते म्हणतात, “मोबाइल बघताना बरं लक्ष असतं याचं!” आणि ज्याच्याबद्दल हे सारे चालले आहे ते पोर खाली मान घालून चपलेच्या अंगठ्याशी चाळा करीत असते.

टॉनिक लिहून देणे सोपे असते. पण बुद्धी वाढवणारे टॉनिक अजून कोणत्याही कंपनीला बनवता आलेले नाही. ब्राह्मीच्या बाटलीवर मेंदूचे चित्र असले म्हणून ती बाटली मुलाला वाचायला शिकवत नाही. आणि वडिलांनी मारलेला तो टोमणा? कित्येकदा खरे निदान त्या टोमण्यातच दडलेले असते. मोबाइल हातभर अंतरावर असतो, फळा दहा-पंधरा फुटांवर. ज्या मुलाला जवळचे दिसते पण लांबचे दिसत नाही, त्याचे मोबाइलमध्ये ‘लक्ष’ असणारच आणि फळ्याकडे नसणारच!

पालकहो, आजच्या लेखात एकच गोष्ट सांगायची आहे. ‘ढ’ हे कोणत्याही आजाराचे नाव नाही आणि ते निदानही नाही. पहिलीतले मूल मागे पडत असेल, तर आधी त्याचे शरीर तपासावे आणि मग बुद्धीबद्दल बोलावे. आपल्याकडे नेमके उलट होते. आधी रागावणे, मग मार, मग शिकवणी आणि सर्वात शेवटी, तेही कुणी सुचवलेच तर, डोळ्यांची तपासणी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा हा प्रकार आहे.

हे वर्ष वेगळे का?

बालवाडीत मूल गाणी म्हणते, खेळते, बाईंच्या पायाशी बसून गोष्ट ऐकते. तिथे थोडे कमी दिसले, थोडे कमी ऐकू आले तरी निभावते. पहिलीत मात्र प्रथमच त्याला लांबचा फळा वाचावा लागतो, चाळीस मुलांच्या गलक्यात एका आवाजाकडे कान द्यावा लागतो आणि चार-पाच तास एका जागी बसावे लागते. म्हणून आजवर झाकलेला दोष या वर्षी उघडा पडतो. दुर्दैवाने तो दोष म्हणून नव्हे, तर आळस, हट्टीपणा किंवा मंदपणा म्हणून आपल्यासमोर येतो.

आणि मूल स्वतः काही सांगत नाही. का सांगेल? त्याला जन्मापासून जसे दिसते, जसे ऐकू येते, तसेच सगळ्यांना दिसत आणि ऐकू येत असेल अशी त्याची समजूत असते. “मला दिसत नाही” असे म्हणायला आधी ‘दिसणे’ कसे असते हे माहीत असावे लागते.

पहिले काम : डोळे

घरच्या घरी एक साधी परीक्षा करता येते. भिंतीवर कॅलेंडर असतेच. मुलाला दहा फुटांवर उभे करा, एक डोळा हाताने नीट झाकायला लावा आणि मोठ्या अक्षरातल्या तारखा वाचायला सांगा. मग दुसरा डोळा झाका. दोन्ही डोळे एकदम तपासू नका. एक डोळा चांगला असला की तो दुसऱ्याची उणीव झाकतो, आणि खरा धोका इथेच असतो. एका डोळ्याचा नंबर खूप जास्त असेल किंवा डोळा तिरळा असेल, तर मेंदू त्या डोळ्याकडून आलेले चित्र हळूहळू नाकारू लागतो. याला ‘आळशी डोळा’ म्हणतात. वेळेवर चष्मा दिला, चांगला डोळा रोज काही तास झाकून आळशी डोळ्याला कामाला लावले, तर तो सुधारतो. पण हा उपचार सात-आठ वर्षांच्या आत जितका गुण देतो तितका पुढे देत नाही. “मोठा झाला की बघू” हे वाक्य इथे फार महाग पडते.

टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसणे, डोळे बारीक करून पाहणे, मान तिरकी करणे, फळ्याऐवजी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवणे, संध्याकाळी डोके दुखते म्हणणे, ही सगळी लक्षणे नोंद घेण्यासारखी आहेत. कॅलेंडरची परीक्षा नेत्रतज्ज्ञाच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

मुलीला चष्मा लागला की घरात सुतकी वातावरण होते. “आत्तापासून चष्मा, पुढे लग्नाचं कसं?” म्हणून नंबर लागूनही चष्मा न घालणाऱ्या मुली पाहण्यात येतात. सहा वर्षांच्या पोरीच्या लग्नाची काळजी आज करायची की तिला आज अक्षर दिसावे याची? चष्म्याने नंबर वाढतो हाही गैरसमज आहे. चष्मा वापरला नाही तर मात्र अभ्यास मागे पडतो, हे नक्की.

दुसरे काम : कान

पावसाळ्यात मुलांना वारंवार सर्दी होते. नाकामागील मार्गाने तिचा परिणाम कानापर्यंत पोचतो आणि पडद्याच्या मागे पातळ द्रव साचून राहतो. कान दुखत नाही, वाहत नाही, फक्त आवाज बोटे घालून ऐकल्यासारखा दबका येतो. कधी ऐकू येते, कधी येत नाही. मग आपण म्हणतो, “मतलबाचं बरोबर ऐकू येतं!” रात्री तोंड उघडे ठेवून झोपणारे, घोरणारे, सतत नाक चोंदलेले मूल असेल, तर कान जरूर दाखवावेत.

परीक्षा अशी. मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभे राहा. त्याला तुमचे ओठ दिसता कामा नयेत. त्याच्या एका कानाच्या भोकावर बोट दाबून ठेवा आणि कुजबुजत दोन-तीन ओळखीचे शब्द उच्चारा. मग दुसऱ्या कानाची परीक्षा घ्या. शब्द नीट परत म्हणता आले नाहीत, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जावे. दोष कधी नुसता मळाचा निघतो, तो डॉक्टर काढून देतात. घरी पिन, काडी, किल्ली घालू नये. वाहत्या कानात गरम तेल, लसणाचे तेल ओतू नये. “कान फुटलाय, मोठेपणी आपोआप बंद होईल” यावर विसंबल्याने कायमचा बहिरेपणा आलेले लोक आपल्या आसपासच असतात.

रक्त, जंत आणि पाटीवरची पेन्सिल

तिसरी बाब रक्ताची. पाच ते अकरा वर्षांच्या मुलात हिमोग्लोबिन ११.५ ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर त्याला रक्तक्षय म्हणतात. असे मूल लवकर थकते, चिडचिडते, वर्गात पेंगते. पाटीवरची पेन्सिल, खडू, भिंतीची माती खाणारे मूल खोडकर म्हणून मार खाते. पण ही खोड कित्येकदा शरीरात लोह कमी असल्याची खूण असते. मार देऊन लोह वाढत नाही.

सकाळी चहा-खारी किंवा चहा-बिस्कीट खाऊन शाळेत जाणारी मुले गावोगाव आहेत. चहामुळे अन्नातले लोह अंगी लागण्यात अडथळा येतो. त्याऐवजी बाजरीची किंवा नाचणीची भाकरी, पालेभाजी, मटकी, गूळ-शेंगदाणे आणि वरून लिंबू पिळलेली उसळ ही कितीतरी बरी. लिंबाने लोह शरीरात शोषले जायला मदत होते.

जंत गोड खाल्ल्याने होत नाहीत. ते अस्वच्छ हात, न धुतलेल्या भाज्या-फळे आणि उघड्यावरच्या शौचाने दूषित झालेली माती यांतून येतात. आकडीजंत तर अनवाणी पायांच्या कातडीतून शिरतो आणि आतड्यातून रक्त शोषतो. राष्ट्रीय जंतनाशक दिन २०१५ पासून सुरू झाला. साधारणपणे फेब्रुवारी आणि ऑगस्ट महिन्यांत शाळेत आणि अंगणवाडीत अल्बेंडाझोलची गोळी दिली जाते. “आमच्या मुलाला देऊ नका” असे सांगणारे पालक भेटतात. मूल त्या दिवशी आजारी असेल तर तसे जरूर सांगावे, एरवी गोळी चुकवू नये. पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्यातून एकदा मिळणारी लोहाची गुलाबी गोळीही अशीच कामाची आहे. ती उपाशीपोटी न देता जेवणानंतर द्यावी.

‘हरवणारे’ मूल

काही मुले बोलता बोलता मध्येच थांबतात, पाच-दहा सेकंद शून्यात पाहतात आणि पुन्हा काही घडलेच नाही अशा थाटात कामाला लागतात. दिवसातून अनेकदा असे होते. बाईंना वाटते, याचे चित्त थाऱ्यावर नाही. प्रत्यक्षात हा फिटचा एक सौम्य प्रकार असू शकतो. यात मूल पडत नाही, तोंडाला फेस येत नाही, म्हणून तो कुणाच्या लक्षात येत नाही. मेंदूच्या आलेखाने निदान होते आणि बहुतेक मुलांना औषधाने चांगला गुण येतो. मांत्रिकाचे इथे काही काम नाही.

झोपेचाही हिशेब करावा. या वयाच्या मुलाला रोज नऊ ते बारा तास झोप हवी. रात्री अकरापर्यंत घरात टीव्ही, मोबाइल चालू आणि सकाळची शाळा, तर ते मूल दुसऱ्या तासाला पेंगले यात नवल ते काय?

आणि तरीही अडत असेल तर?

डोळे, कान, रक्त, झोप सारे ठीक असूनही मुलाला अक्षरांचाच घोळ होत असेल, तर? पहिलीत ‘घ’ आणि ‘ध’, ‘भ’ आणि ‘म’ यांत गल्लत होणे, आकडे उलटे काढणे हे पुष्कळ मुलांत आढळते आणि बहुतेकांचे आपोआप सुटते. आठव्या वर्षापर्यंत न सुटल्यास ती वाचन-लेखनाची अक्षमता असू शकते. ‘तारे जमीन पर’ या २००७ सालच्या चित्रपटाने ती घरोघरी पोचवली. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये तिची नोंद आहे. तिचे रीतसर निदान होते, मदत मिळते, सवलती मिळतात. तीही बुद्धीची कमतरता नव्हे.

शाळेतील तपासणीचे कार्ड

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या महाराष्ट्रातच, पालघर येथे झाली. या कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा सरकारी आणि अनुदानित शाळांत येऊन मुलांची तपासणी करते. दोष आढळला तर पुढे पाठवण्याची आणि मोफत उपचाराची सोय आहे. गरजू मुलांना चष्माही मोफत मिळतो. पण पुढच्या तपासणीची चिठ्ठी दप्तराच्या तळाशी चुरगळून पडते आणि वर्ष निघून जाते. पथक आले त्या दिवशी मूल गैरहजर होते, असेही होते. तेव्हा पालकसभेत “माझ्या मुलाचे मार्क किती?” या प्रश्नाच्या आधी तीन प्रश्न विचारावेत. आरोग्य तपासणी झाली का? त्यात काय निघाले? माझे मूल वर्गात कुठे बसते?

शिक्षकबंधू-भगिनींनाही एक विनंती. मुलाचा दोष सर्वात आधी तुम्हाला दिसतो. उंचीप्रमाणे बसवताना मागच्या बाकावर गेलेल्या मुलाला चार दिवस पुढे बसवून पाहा. फरक पडला, तर पालकांना बोलावून सांगा. आणि चारचौघांत त्याला ‘ढ’ म्हणू नका. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे. पण कायद्यापेक्षा मोठी गोष्ट अशी, की सहा वर्षांचे मूल मोठ्यांनी दिलेले नाव खरे मानते. चष्मा मिळाल्यावर फळा त्याच दिवशी दिसू लागतो. ‘ढ’ ही पदवी मात्र मनातून पुसायला वर्षे जातात.

पहिलीतल्या मुलाला शिकवणी लावण्याचा विचार करीत असाल, तर तो महिनाभर बाजूला ठेवा. त्या पैशांतून डोळे, कान आणि रक्त तपासून घ्या. सरकारी दवाखान्यात तर तेवढेही पैसे लागणार नाहीत. रोज संध्याकाळी तास-दीड तास मुलाला मैदानात, अंगणात मोकळे सोडा. उघड्यावर खेळणाऱ्या मुलांत जवळचे दिसून लांबचे न दिसण्याचा दोष कमी प्रमाणात उद्भवतो, असे आता दिसून आले आहे.

आणि आज रात्री जेवणे झाली, की भिंतीवरच्या कॅलेंडरपासून दहा पावले नव्हे, दहा फूट मोजा. पाच मिनिटांचे काम आहे.