ल्युकेमियाचे निदान : एका अँटिबॉडीवर भिस्त नको

छत्रपती संभाजीनगर, प्रतिनिधी - रक्ताचा कर्करोग झाला, एवढे कळून उपचार ठरत नाहीत. बिघडलेली पेशी कोणत्या कुळातील, हे आधी निश्चित व्हावे लागते. तीव्र लिम्फॉइड प्रकारात मुलांवरील उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. तीव्र मायलॉइड प्रकारात कालावधी बहुधा कमी, पण औषधांचा मारा प्रखर असतो. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र दोन्हींतील अपक्व पेशी अनेकदा सारख्याच दिसतात. हा भेद उलगडतात त्या मोनोक्लोनल अँटिबॉडी.

एकाच लक्ष्याला चिकटणाऱ्या अँटिबॉडी हव्या तितक्या तयार करण्याची पद्धत कोलर आणि मिलस्टिन यांनी १९७५मध्ये मांडली. १९८४मध्ये त्यांना नोबेल मिळाले. पुढे प्रत्येक प्रयोगशाळा आपल्या अँटिबॉडीला स्वतःचे नाव देऊ लागली. हा गोंधळ मिटवण्यासाठी १९८२मध्ये पॅरिस येथे त्यांची तुलना झाली आणि 'सीडी' क्रमांक रूढ झाले.

खुणा फसव्याही

सीडी १९ ही बी-पेशींची, तर सीडी १३ व सीडी ३३ या मायलॉइड पेशींच्या खुणा मानल्या जातात. परंतु काही लिम्फॉइड कर्करोगांत सीडी ३३ आढळते, तर काही मायलॉइड कर्करोगांत सीडी १९. म्हणूनच फ्लो सायटोमीटरवर अनेक अँटिबॉडींचा संच एकत्र वापरला जातो. पेशीच्या आतील सीडी ३ ही टी-कुळाची, तर मायलोपेरॉक्सिडेज ही मायलॉइड कुळाची अधिक भरवशाची खूण ठरते.

उपचारांनीही चित्र बदलते. सीडी १९वर नेम धरणाऱ्या 'नेक्सकार१९' या भारतीय कार-टी उपचाराला २०२३मध्ये मंजुरी मिळाली. अशा उपचारांनंतर कर्करोग पेशींवरील सीडी १९ नाहीशी होऊ शकते. तेवढ्याच खुणेवर विसंबल्यास शिल्लक आजार नजरेतून सुटतो. त्यामुळे सीडी २२ व सीडी २४ यांसारख्या खुणांची जोड लागते.

मराठवाड्याचा प्रश्न

शहरात २०१२पासून शासकीय कर्करोग रुग्णालय असून, मराठवाड्यातील अनेक रुग्णांचा तोच आधार आहे. अस्थिमज्जेचा नमुना शक्यतो २४ ते ४८ तासांत तपासावा लागतो. उशीर झाल्यास पेशी मरतात आणि निष्कर्ष डळमळीत होतो. त्यामुळे तपासणीचे यंत्र बसवणे पुरेसे नाही. अँटिबॉडींचा अखंड पुरवठा, प्रशिक्षित तज्ज्ञ आणि तालुक्यातून नमुना वेळेत पोहोचवणारी व्यवस्था यांवरच रुग्णाला योग्य औषध मिळणे अवलंबून आहे.