गळा त्याचा, झेंडा कुणाचा?

११ जानेवारी २०२६ रोजी प्रशांत तमांग हा गायक दिल्लीत अकस्मात वारला. वय अवघे ४३. वृत्तपत्रांनी दोन दिवस बातमी दिली आणि विषय संपला. आपल्यापैकी पुष्कळांना हे नाव चटकन आठवणारही नाही. परंतु २००७ साली याच नावाने दार्जिलिंगचे राजकारण उलटेपालटे केले होते. परप्रांतात पिढ्यान् पिढ्या राहून आपली भाषा सांभाळणाऱ्या आपल्यासारख्या समाजाने ही हकीकत नीट समजून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

प्रशांतचा जन्म १९८३ सालचा, दार्जिलिंगचा. घरची भाषा नेपाळी. वडील कलकत्ता पोलिसांत नोकरीला होते. ते अपघातात गेले आणि शिक्षण अर्धवट सोडून मुलाला त्यांच्या जागी शिपाई म्हणून रुजू व्हावे लागले. कमावता माणूस गेला की घरातल्या मोठ्या मुलावर काय येते, हे आपल्या घरांना सांगायला नको. त्याचे नशीब एवढे की पोलीस दलाचा स्वतःचा वाद्यवृंद होता. तेथे तो गाऊ लागला. पुढे ‘इंडियन आयडॉल’च्या तिसऱ्या पर्वात त्याची निवड झाली आणि २३ सप्टेंबर २००७ रोजी तो विजेता ठरला.

तो त्या पर्वातला सर्वांत तयार गायक होता का, याविषयी तेव्हाही मतभेद होते. परंतु निकाल परीक्षकांच्या हाती नव्हता. तो प्रेक्षकांच्या मोबाइलवरच्या संदेशांवर ठरत होता, आणि एका माणसाने किती संदेश पाठवावेत याला व्यवहारात मर्यादा नव्हती. त्यामुळे दार्जिलिंग, कालिंपोंग, कर्सियांग येथे वर्गण्या जमल्या, स्वयंसेवक नेमले गेले, रात्र रात्र जागून संदेश पाठवले गेले. सिक्कीम त्याच्या पाठीशी उभे राहिले. ज्या समाजाला उर्वरित देशात लोक पहारेकरी म्हणून ओळखत, चेहऱ्यावरून परदेशी ठरवत, त्या समाजाचा एक मुलगा देशाच्या दूरदर्शन संचावर दर आठवड्याला सन्मानाने उभा राहत होता. त्या संदेशांमागची भूक गाण्याची कमी आणि ओळखीची जास्त होती. आम्ही तिला हसणार नाही. २००५ च्या मार्चमध्ये अभिजीत सावंत पहिल्या पर्वाचा विजेता झाला तेव्हा, आणि २००९ मध्ये मराठी ‘लिटिल चॅम्प्स’च्या वेळी, आपल्याही घरांत संदेशांचे हिशेब झालेच होते.

दार्जिलिंगमध्ये मात्र गोष्ट तेवढ्यावर थांबली नाही. १९८६ ते १९८८ या काळात स्वतंत्र गोरखालँडसाठी रक्त सांडून झाले होते आणि त्यातून १९८८ मध्ये पर्वतीय परिषद मिळाली होती. तिची सूत्रे सुभाष घिशिंग यांच्या हाती होती. वीस वर्षांत लोक कंटाळले होते, पण घिशिंग यांच्याविरुद्ध उभे राहायला निमित्त सापडत नव्हते. प्रशांतच्या बाबतीत घिशिंग अलिप्त राहिले. त्यांच्याच पक्षातले बिमल गुरुंग पुढे आले आणि त्यांनी प्रशांतसाठी पैसा व माणसे उभी केली. गावोगाव चाहत्यांची मंडळे तयार झाली. गाण्यासाठी विणलेले हे जाळे राजकारणाला जसेच्या तसे उपयोगी पडणारे होते.

त्यात निकालानंतर दिल्लीच्या एका रेडिओ केंद्रावरील निवेदकाने गोरखे आता गाऊ लागले तर पहारा कोण देणार, अशा अर्थाची टिंगल केली. २८ सप्टेंबरला सिलिगुडीत निषेधाचा मोर्चा निघाला, त्याचे पर्यवसान दंगलीत झाले, संचारबंदी लागली, लष्कर बोलवावे लागले. त्यानंतर अवघ्या नऊ दिवसांनी, ७ ऑक्टोबर २००७ रोजी, गुरुंग यांनी गोरखा जनमुक्ती मोर्चाची स्थापना केली. २००८ च्या मार्चमध्ये घिशिंग यांना पद सोडावे लागले. गायकाच्या विजयापासून प्रस्थापित नेत्याच्या पाडावापर्यंत सहा महिनेही लागले नाहीत.

पुढचा हिशेब मांडू. २०११ मध्ये करार झाला, २०१२ मध्ये गोरखालँड प्रादेशिक प्रशासन आले. २०१७ मध्ये शाळांत बंगाली सक्तीची होणार या धास्तीने पुन्हा भडका उडाला आणि पहाडी भाग १०४ दिवस बंद राहिला. गुरुंग भूमिगत झाले आणि २०२० मध्ये प्रकट झाले ते ज्यांच्याविरुद्ध लढत होते त्याच तृणमूल काँग्रेसला पाठिंबा देत. स्वतंत्र राज्य मिळाले नाही ते नाहीच. मोबाइलवरच्या संदेशांनी नेता बदलला. प्रश्न होता तेथेच राहिला.

आणि गायकाचे काय झाले? पक्ष त्याने काढला नव्हता, टिंगल त्याने केली नव्हती, दंगल त्याने घडवली नव्हती. तरी या सर्वांवर त्याच्या नावाचे शिक्के बसले. त्याच वर्षी ‘धन्यवाद’ हा त्याचा गीतसंग्रह निघाला. हिंदी चित्रपटसंगीतात त्याला म्हणावी तशी जागा मिळाली नाही. मुंबईचा बाजार दरवर्षी नवा विजेता मागतो, जुना कोठे गेला याची चौकशी करीत नाही. प्रशांतने मात्र रडगाणे गायिले नाही. तो आपल्या भाषेकडे वळला. २०१० च्या ‘गोरखा पलटन’ या नेपाळी चित्रपटात नायक झाला, नेपाळी प्रेक्षकांनी त्याला उचलून धरले. देशोदेशी नेपाळी माणसांच्या मेळाव्यांत तो गात राहिला. २०११ मध्ये त्याने लग्न केले, त्याला एक मुलगी झाली. २०२५ च्या आरंभी ‘पाताल लोक’ या मालिकेच्या दुसऱ्या पर्वात त्याने खलभूमिका केली आणि ज्यांनी त्याचे गाणे कधी ऐकले नव्हते अशांनाही तो माहीत झाला. पुन्हा एक दार उघडत होते, तोच तो गेला. शिपायाच्या नोकरीतून सुरू झालेले हे आयुष्य कष्टाचे आणि सभ्यपणाचे होते. त्याच्या नावावर उठलेल्या वादळाशी त्याचा ताळेबंद जुळवू नये.

या हकिकतीला दुसरी बाजू आहे आणि ती आपल्याला अधिक जवळची आहे. अंतिम फेरीत प्रशांतसमोर शिलाँगचा अमित पॉल होता. अमित बंगाली घरातला, म्हणजे मेघालयात ‘बाहेरचा’. १९७९ पासून त्या शहराने मूळचे आणि बाहेरचे या वादात अनेक वाईट दिवस पाहिले. तरीही २००७ मध्ये खासी, गारो, बंगाली सारे एकत्र येऊन त्याच्यासाठी संदेश पाठवीत होते, आणि तो हरल्यावरही मेघालय सरकारने त्याला शांतता व सलोख्याचा दूत म्हणून गौरविले. एकाच स्पर्धेतले दोन गायक. एकाच्या नावाने सिलिगुडीत दगड उडाले, दुसऱ्याच्या नावाने शिलाँगमध्ये काही काळ तरी दुरावा मिटला. गाणे दोघांचेही गाणेच होते. त्याचे काय करायचे ते भोवतीच्या समाजाने ठरवले.

नेपाळी भाषकांशी आपले एक नाते आहे, ते येथे सांगितले पाहिजे. १९९२ मध्ये एकाच घटनादुरुस्तीने कोकणी, मणिपुरी आणि नेपाळी या तीन भाषा आठव्या अनुसूचीत आल्या. गोव्यातील वाचकांना तो दिवस आठवत असेल. घटनेत नाव आले म्हणून शाळेत मुले येतातच असे नाही, हा अनुभव तेव्हापासून सर्वांनाच आला. बेळगावच्या वाचकांना तर अधिक काय सांगावे? महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयात आहे आणि तोवर दोन पिढ्या मराठी शाळेची पटसंख्या मोजत बसल्या आहेत. अशा स्थितीत एखादा गळा आपल्या बाजूने उभा राहावा असे वाटणे स्वाभाविक आहे. पण भाषेचे ओझे एका पोराच्या खांद्यावर टाकून आपण मोकळे होतो का, हा प्रश्न आहे.

आपल्या पूर्वजांनी असे केले नाही. बडोद्यात १८८६ मध्ये सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्षांची गायनशाळा सुरू झाली. ग्वाल्हेरला १९१४ मध्ये कृष्णराव शंकर पंडितांनी गांधर्व विद्यालय काढले, १९१८ मध्ये भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली माधव संगीत महाविद्यालय उभे राहिले. राजे गेले, संस्थाने विलीन झाली, पण त्या वास्तूंत आजही सूर लागतो आहे. कारण तेथे गायक एकटा नव्हता, त्याच्या मागे शाळा होती.

कुमार गंधर्वांचेच घ्या. जन्म बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावीचा, घर कन्नड, तालीम मुंबईत देवधर मास्तरांकडे. क्षयाने आजारी पडले म्हणून हवापालटासाठी १९४८ च्या सुमारास माळव्यात देवासला आले. काही वर्षे गाणे पूर्ण बंद होते. त्या काळात कानांवर पडणारी माळव्याची लोकगीते त्यांनी टिपली आणि पुढे त्यांतून नवे संगीत घडवले. ते कन्नडिगांचे, मराठी माणसांचे की माळव्याचे? प्रश्न विचारणाऱ्याने विचारावा. देवासच्या लोकांनी त्यांना राहू दिले, बरे होऊ दिले, गाऊ दिले. आजारी गायकाला सहा वर्षे वाट पाहू देणारा समाज आणि शनिवारी हरला तर रविवारी विसरणारा समाज, यांत आपण कोठे बसतो हे ज्याने त्याने मनाशी ठरवावे.

आता घरची गोष्ट. आपल्या मंडळाच्या येत्या गणेशोत्सवाचा विषय सर्वसाधारण सभेपुढे आहे. दूरदर्शनच्या स्पर्धेत नाव मिळवलेल्या एका गायकाची रात्र ठरवावी, अशी तरुण सभासदांची इच्छा आहे. मानधन मोठे आहे. ते भरून देण्याची तयारी नगरपालिकेच्या एका इच्छुक उमेदवाराने दाखवली आहे. अट इतकीच की फलक त्यांचा आणि गाण्याआधी पंधरा मिनिटांचे भाषण त्यांचे. दुसरीकडे, मंडळाचा रविवारचा गायनवर्ग पेटी दुरुस्त करायला पैसे नाहीत म्हणून गेले चार महिने एका सभासदाने घरून आणलेल्या पेटीवर चालला आहे.

आमचे मत स्पष्ट आहे. गायकाला जरूर बोलवावे. आपल्या मुलांनी टाळ्या वाजवाव्यात, सह्या घ्याव्यात, हौस करावी. परंतु त्याचे मानधन आपल्या वर्गणीतून द्यावे आणि तेवढी ऐपत नसेल तर तेवढ्या ऐपतीचा कलावंत बोलवावा. उमेदवाराने भाषण करावेच, पण ते स्वतंत्र सभेत, आणि तेथे आपण त्यांना मराठी शाळेच्या शिक्षकांविषयी चार प्रश्न विचारू. गणपतीपुढचा मंच कुणाच्या प्रचाराला भाड्याने देऊ नये. गायकालाही दुसऱ्याच्या झेंड्याखाली उभे करण्याचा आपल्याला अधिकार नाही. तो गायला येतो, ते त्याचे काम आहे.

त्याच सभेत दोन ठराव व्हावेत अशी आमची सूचना आहे. पहिला, उत्सवाच्या खर्चातील ठरावीक वाटा दरवर्षी गायनवर्गासाठी बाजूला काढावा, म्हणजे पेटी, तबला आणि गुरुजींचे मानधन यांसाठी कुणापुढे हात पसरावा लागणार नाही. दुसरा, मंडळाच्या कार्यकर्त्यांनी या पावसाळ्यात घरोघर जाऊन प्रत्येक सभासदाचे नाव मतदारयादीत आहे की नाही ते तपासावे. संदेश एका माणसाला शंभर पाठवता येतात, मत एकच देता येते. त्या एका मतासाठी आपण वर्गणी काढत नाही, रात्र जागवत नाही, हे आपल्याला शोभत नाही.

प्रशांत तमांगला त्याच्या माणसांनी मोठ्या मायेने निवडून दिले. ती माया खरी होती. तिच्यातून राजकारणाला एक पक्ष मिळाला. त्याच पैशातून आणि त्याच रात्रींतून दार्जिलिंगच्या प्रत्येक वाडीत एक गाण्याची शाळा उभी राहू शकली असती. आपल्या पेटीची दुरुस्ती तेवढी अवघड नाही. सभेला या.