नोंद दोन दिवसांच्या बाळाची

मागच्या महिन्यात आमच्या वस्तीतील एक बहीण घरीच बाळंत झाली. रुग्णालय गाठायला वेळच मिळाला नाही. बाळ दोन दिवस जगले आणि गेले. पुढे विहारात त्याच्या वडिलांकडे आम्ही नोंदीची चौकशी केली. ते म्हणाले, “दादा, नावसुद्धा ठेवलं नव्हतं. नोंद कशाची करायची?”

बंधू-भगिनींनो, असे म्हणणारे ते एकटेच नाहीत. म्हणून हे लिहीत आहोत.

जिवंत जन्मलेले बाळ दगावले तर जन्माची एक आणि मृत्यूची एक, अशा दोन नोंदी कराव्या लागतात. नाव नसले तरी अडत नाही. १९६९ च्या कायद्यानुसार मुदत २१ दिवसांची आहे. घरी घडलेल्या जन्म-मृत्यूची खबर देणे हे कुटुंबप्रमुखाचे काम. मुदत टळली तर विलंब शुल्क, महिना उलटला तर लेखी परवानगी आणि वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो.

हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आतली किती बाळे दगावली, त्यावरून अर्भक मृत्युदर निघतो. आपली बाळे नोंदलीच नाहीत तर तो दर कागदावर चांगला दिसणार. २०११ च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्याची लोकसंख्या ९३ लाखांवर होती. त्यात बंगले आले, तशा आपल्या पत्र्याच्या खोल्याही आल्या. सरासरीत आपले दुःख झाकले जाते. म्हणून पत्ता पूर्ण लिहा, वस्तीच्या नावासह.

मृत्यूचे कारण सांगताना क्षयरोग लपवू नका. ‘हृदय बंद पडले’ हे काही कारण नव्हे; मरताना सर्वांचेच हृदय बंद पडते. मृत्यूच्या दाखल्यावर कारण छापले जात नाही, तेव्हा बदनामीची भीती नको.

फॉर्ममध्ये धर्माचा रकाना असतो. तेथे स्वच्छ अक्षरात ‘बौद्ध’ लिहा.

१९२८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला होता. कामकरी आईची आणि तिच्या बाळाची काळजी त्यांनी वाहिली. आपण निदान नोंद तरी करू. प्रत्येक विहारातील महिला मंडळाने वस्तीतील जन्म-मृत्यूची एक वही ठेवावी.

त्या वडिलांसोबत आम्ही अर्ध्या दिवसाची रजा टाकून वॉर्ड ऑफिसात गेलो. जन्मापासूनचा तो अठरावा दिवस होता. दोन्ही फॉर्म भरले. नावाची जागा कोरी राहिली, पण बाळ मोजले गेले.

जय भीम!