भाव नको, पट्टी दाखवा

गृहकर्ज घ्यायचं ठरलं की आमच्या पिढीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "सध्या सगळ्यात कमी रेट कोणाचा?" ऑफिसच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हा प्रश्न पडला की दहा मिनिटांत पंधरा उत्तरं येतात. कोणी स्क्रीनशॉट टाकतं, कोणी दशांश चिन्हापुढचे दोन आकडे तोंडपाठ सांगतं, कोणाच्या तरी ओळखीचा एजंट प्रोसेसिंग फी माफ करून देणारा निघतो. पाच पैशांच्या फरकावरून लोक बँक बदलतात आणि आपण फार अभ्यास करून कर्ज घेतलं असं समजतात.

माझं म्हणणं असं की हा प्रश्नच चुकीचा आहे. आपल्याला तो विचारायची सवय लावली गेली आहे, कारण त्याच्या उत्तराने बँकेचं फारसं बिघडत नाही आणि बिल्डरचं तर काहीच बिघडत नाही.

मी लासलगावचा. निफाड तालुक्यातलं हे गाव कांद्याच्या बाजारासाठी ओळखलं जातं, बाजार समिती १९४७ पासूनची. तिथे लिलाव उघड होतो. ट्रॅक्टरच्या रांगा लागतात, व्यापारी एकेका ट्रॉलीपाशी येतात, बोली लागते, क्विंटलचा भाव सगळ्यांच्या कानावर पडतो. पण संध्याकाळी घरी आलेल्या माणसाला "भाव काय लागला?" एवढं विचारून कोणी थांबत नाही. पुढचा प्रश्न येतोच: "पट्टी किती आली?" पट्टी म्हणजे हिशोबपट्टी. काट्यावरचं वजन, लागलेला भाव, त्यातून गेलेली हमाली, तोलाई, वाराई, आणि शेवटी हातात पडलेली रक्कम. पीक परवडलं की नाही हे शाळा अर्धवट सुटलेला माणूसही भावावरून ठरवत नाही, पट्टीवरून ठरवतो.

तिथून पुण्यात आलेली आमच्यासारखी इंजिनियर मंडळी दिवसभर दुसऱ्यांचे आकडे तपासतात आणि स्वतःच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा व्यवहार नुसता भाव ऐकून करतात.

आता पट्टी मांडू. गेल्या काही वर्षांत गृहकर्जाचे दर साडेसहाच्या आसपासपासून नवाच्या पुढेपर्यंत फिरून आले आहेत. हिशोबासाठी साडेआठ टक्के धरू. समजा, तुम्हाला महिन्याला ६०,००० रुपये हप्ता झेपतो. २० वर्षांच्या मुदतीत या हप्त्यावर सुमारे ६९ लाखांचं कर्ज बसतं. आता दर ८.५ ऐवजी ८.४ मिळवलात, म्हणजे ग्रुपवरची लढाई जिंकलात, तर ६९ लाखांच्या कर्जावर महिन्याला ४३५ रुपयांच्या आसपास वाचतात. २० वर्षांत साधारण १ लाख ५ हजार. वाईट नाही, घ्यावेतच.

पण सेल्स ऑफिसमधला माणूस म्हणतो, "सर, मुदत ३० वर्षं करू या ना. एलिजिबिलिटी वाढते." खरंच वाढते. त्याच ६०,००० च्या हप्त्यात आता सुमारे ७८ लाख मिळतात. नऊ लाख जास्त. त्या बदल्यात तुम्ही काय देता? आणखी १२० हप्ते. १२० गुणिले ६०,०००, म्हणजे ७२ लाख रुपये.

नऊ लाखांसाठी ७२ लाख. दरातल्या एक लाखासाठी आपण आठवडाभर फोन फिरवतो आणि या ७२ लाखांवर चहा संपायच्या आत मान डोलावतो.

हे गणित नववीतल्या मुलालाही कळेल. मग ते दिसत का नाही? कारण घराच्या बाजाराची बोलीच हप्त्याची आहे. रावेत, पुनावळे, वाकडच्या बाजूला फ्लॅट बघायला गेलात की किंमत ओझरती सांगितली जाते आणि हप्ता ठळक. लॅपटॉप तुमच्याकडे वळवून पगाराचा आकडा टाकला जातो आणि "बसतंय की" असं सांगितलं जातं. फ्लॅट हप्त्यात बसवायचा असेल तर तीन गोष्टी हलवता येतात: किंमत, दर आणि मुदत. किंमत बिल्डर हलवत नाही. दर बँक थोडासाच हलवते. उरली मुदत, ती तुमच्या खिशातून हलते. आणि एका गिऱ्हाइकाची नव्हे तर सगळ्यांचीच मुदत वाढली, की सगळ्यांच्याच हातात जास्त कर्ज येतं आणि तेवढी किंमत मागायला बिल्डर मोकळा होतो. महागड्या शहरात लांब मुदतीचं कर्ज ही सवलत आहे असं आपल्याला वाटतं. पण ती सवलत पुढच्या फ्लॅटच्या भावात जिरते.

दुसरी लपलेली ओळ फ्लोटिंग दराची. १ ऑक्टोबर २०१९ पासून बँकांनी नवी फ्लोटिंग गृहकर्जं बाहेरच्या मापदंडाशी जोडावीत असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. बहुतेक बँकांनी रेपो दर निवडला. म्हणजे तुमचा दर = रेपो + स्प्रेड. रेपो सगळ्यांना सारखाच. म्हणून दोन बँकांची तुलना करायचीच असेल तर ती स्प्रेडची करायची, कारण तो तुमच्या करारात राहतो. नवं गिऱ्हाईक ओढायला बँक स्प्रेड कमी करते तेव्हा जुन्याला तो आपोआप मिळत नाही. त्याला अर्ज करावा लागतो आणि बऱ्याचदा कन्व्हर्जन फीही भरावी लागते. हाउसिंग फायनान्स कंपन्यांना तर हा बाहेरच्या मापदंडाचा नियमच लागू नाही. त्यांचा दर त्यांनीच ठरवलेल्या अंतर्गत दराशी बांधलेला असू शकतो. जाहिरातीत मात्र दोघांचे आकडे शेजारीशेजारी छापलेले असतात.

स्प्रेड तोच राहिला तरी रेपो काय करू शकतो, हे आपल्यासमोर घडलं आहे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला. त्याआधी साडेसहा टक्क्यांनी २० वर्षांसाठी ६९ लाख घेतलेल्या माणसाचा हप्ता सुमारे ५१,४०० होता. वर्षभराने दर नऊ टक्के झाला असं धरा. आता नुसतं व्याजच महिन्याला ५०,४०० च्या घरात. हप्ता तोच ठेवला तर मुद्दलात जेमतेम हजार रुपये जातात आणि उरलेली १९ वर्षं गणिताने ४४ होतात. अर्थात बँका ४४ वर्षं देत नाहीत. त्यांनी काहींचा हप्ता वाढवला, काहींची मुदत ताणली, काहींचं दोन्ही केलं. कर्जदाराची नीट संमती न घेता आणि त्याला धड न कळवता मुदत अवाजवी वाढवल्याची उदाहरणं आढळली, हे ऑगस्ट २०२३ मध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेने नोंदवलं. कांद्याचा भाव पडला की शेतकऱ्याला त्याच दिवशी कळतं. इथे माणसाची आठ-दहा वर्षं वाढली आणि त्याच्या खात्यातून जाणारा आकडा तसाच राहिला, म्हणून त्याला वाटलं काही झालंच नाही.

त्यानंतर आलेले नियम चांगले आहेत, पण ते वापरणारे कमी. दर बदलला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे निवडण्याचा हक्क तुमचा. दर तीन महिन्यांनी किती मुद्दल गेलं, किती व्याज गेलं आणि किती हप्ते उरले याचं विवरण मिळण्याचाही हक्क तुमचा. आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी की फॅक्ट्स स्टेटमेंट, म्हणजे केएफएस, सक्तीचं झालं. कर्जाची पट्टीच म्हणा ना. त्यात फी आणि कर्जासोबत बँकेमार्फत घेतलेला विमा धरून वार्षिक खर्चाचा खरा टक्का, एपीआर, द्यावा लागतो. शेवटच्या हप्त्यापर्यंतचं वेळापत्रक द्यावं लागतं. त्यात नसलेली फी तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. गृहकर्जासारख्या कर्जाला ते कागद हातात पडल्यावर विचार करायला किमान तीन कामाचे दिवस द्यावे लागतात. आणि तो कागद कर्जदाराला समजेल अशा भाषेत असावा लागतो.

ही शेवटची अट पुन्हा वाचा. समजेल अशा भाषेत. मग निफाडच्या शेतकऱ्याच्या मुलाने, ज्याच्यासोबत सहकर्जदार म्हणून आई किंवा वडील सही करणार आहेत, तो कागद मराठीत मागायला लाजायचं कशाला? आपण स्वतः इंग्रजी वाचतो म्हणून मागत नाही. पण सही दोघांची असते आणि जबाबदारीही दोघांची. दुकानाच्या पाटीवरच्या मराठीसाठी आपण तावातावाने भांडतो. जिथे कायद्याने हातात दिलेली मराठी आहे, तिथे मात्र "कुठे करायची साइन?" एवढंच विचारतो.

तरीही हे सगळे हक्क एका चुकीने निकामी होतात. आपण फ्लॅटचं टोकन आधी देतो आणि कर्ज नंतर शोधतो. लासलगावात भाव ठरण्याआधी कोणी ट्रॉली खाली करत नाही. एकदा माल खळ्यावर ओतला की घासाघीस कसली? पटलं नाही तर शेतकरी ट्रॅक्टर वळवून पिंपळगावला जाऊ शकतो, कारण माल अजून त्याच्या ट्रॉलीत असतो. टोकन दिलेल्या माणसाची ट्रॉली रिकामी झालेली असते. त्याला करारापर्यंत महिनाभर असतो, बिल्डरचा माणूस "आमच्या टायअपमधली बँक लवकर करते" म्हणतो आणि तीन दिवसांचा विचार हा वेळेचा अपव्यय वाटू लागतो. तुलना करायची असेल तर आधी केएफएस, मग टोकन.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला हुशार माणसाचा: "मुदत ३० ची घ्यायची आणि मध्ये प्रीपेमेंट करत राहायचं. फ्लोटिंगला दंड नाही." बरोबर आहे. वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकांना २०१२ पासून लावता येत नाही. वर्षाला एक हप्ता जादा भरला तर २० वर्षांचं कर्ज तीन वर्षांहून अधिक आधी संपतं. पण स्वतःला एक प्रश्न विचारा: ३० वर्षं तुम्ही मोकळीक म्हणून घेतलीत, की फ्लॅट बसत नव्हता म्हणून? पहिलं असेल तर जादा रक्कम बाजूला पडत असेल, खुशाल घ्या. दुसरं असेल तर प्रीपेमेंट करायला शिल्लक राहणार कुठून? ती शिल्लक तर त्या नऊ लाखांत गेली.

दुसरा आक्षेप घरच्यांचा: "भाडं वाया जातं." जातं. पण ६९ लाखांवर साडेआठ टक्क्यांनी पहिल्या महिन्याचं व्याज ४८,८७५ रुपये होतं. तेही परत येत नाही. ३० वर्षांच्या ७८ लाखांत तर ६०,००० पैकी ५५,२५० व्याजच. त्यामुळे तसाच फ्लॅट किती भाड्याने मिळतो ते विचारा आणि मग कोणतं जास्त वाया जातंय ते ठरवा. करबचतीचं म्हणाल तर २०२३-२४ पासून नवी कररचना मूळ पर्याय झाली आहे आणि तिच्यात राहत्या घराच्या व्याजाची दोन लाखांची वजावट मिळत नाही. घर घेऊच नये असं मी म्हणत नाही. स्वतःच्या छताची किंमत नुसत्या आकड्यात मोजता येत नाही, हे मान्य. पण मोजता येतं तेवढं तरी मोजा.

कारण या पट्टीत एक ओळ आपली नसते. ६९ लाखांच्या कर्जावर साधारण ८६ लाखांचा फ्लॅट येतो, कारण ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांवर देता येत नाही. म्हणजे १७ लाख आपले. पुण्यात ७ टक्के मुद्रांक शुल्क धरलं तर सहा लाख. नोंदणीचे ३० हजार. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी, चार लाखांहून जास्त. सगळे मिळून २८ लाखांच्या घरात रोख. अठ्ठावीस वर्षांच्या मुलाकडे २८ लाख कुठून येतात हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. एखादा बांधालगतचा तुकडा जातो, आईचं सोनं जातं, चांगल्या भावाच्या एखाद्या वर्षाची सगळी शिल्लक जाते. ज्या माणसाने आयुष्यभर पट्टी बघितल्याशिवाय एक गोणी विकली नाही, त्याची कमाई आपण पट्टी न बघता लावून मोकळे होतो.

पुढचा भाग आपल्या वर्षांचा. अठ्ठाविसाव्या वर्षी घेतलेलं ३० वर्षांचं कर्ज अठ्ठावन्नाव्या वर्षी संपतं. आमच्या धंद्यात एका ईमेलवर माणसं घरी बसतात. मधल्या काळात नोकरी सोडून काही वेगळं करावंसं वाटलं, आजारी आई-वडिलांकडे वर्षभर राहावंसं वाटलं, वरिष्ठाला तोंडावर नाही म्हणावंसं वाटलं, तर त्या त्या दिवशी ६०,००० चा आकडा आडवा येणार.

म्हणून बँकेत गेलात की रेट विचारू नका. तो भिंतीवर लावलेलाच असतो. तीन आकडे मागा: सगळे हप्ते मिळून एकूण किती भरणार, त्यात व्याज किती, आणि रेपो अडीच टक्क्यांनी वाढला तर याच कर्जाचा हप्ता किंवा मुदत काय होईल. लेखी मागा, मराठीत मागा, सहकर्जदाराला समोर बसवून वाचून दाखवायला सांगा. टाळाटाळ झाली तर उठा. ट्रॉली अजून भरलेली आहे, पुढची बँक त्याच रस्त्यावर आहे.